भर समुद्रांत नांगरलेला बोया



१९७२ सालच्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे, अशीं माणसें आतां माझ्यासारखीं साठी उलटलेलीं असणार. मी त्या वेळीं शाळेंत जाणारा मुलगा होतों. गांवच्या विहिरींनीं तळ दाखविला होता. शेतकरी माणसें दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात, आणि शाळेच्या पडवींत आम्हां मुलांना सुकडी वाटली जाई. घरीं परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी असे. एके दिवशीं मीं गुरुजींना विचारलें, "गुरुजी, यंदां पाऊस कां आला नाहीं?" गुरुजी क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "तें त्या वरुणाला ठाऊक." पुढें मी स्वतः शिक्षक झालों, भूगोल शिकवूं लागलों आणि नैर्ऋत्य मोसमी वारे कसे वाहतात हें फळ्यावर बाण काढून सांगूं लागलों. परंतु एखाद्या वर्षीं ते बाण कां चुकतात, असें एखाद्या मुलानें विचारलें म्हणजे मीही गप्पच राहत असें.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्या आकाशांत नसून हजारों मैल दूर, पॅसिफिक महासागराच्या पाण्यांत आहे. तो भाग मनुष्याच्या हातीं लागला, त्याला दिसावयास अगदीं साधी अशी एक वस्तु कारण झाली. भर समुद्रांत नांगरून ठेवलेला बोया आणि त्याच्याखालीं लोंबणारी मापकांची केबल, ही ती वस्तु. तिची जन्मकथा आज आपणांस सांगावयाची आहे.

समुद्राचें मोजमाप अवघड कां, हें प्रथम पाहूं. वैद्याला रोग्याची नाडी एकदां पाहून भागत नाहीं. ताप केव्हां चढतो व केव्हां उतरतो हें कळावयास कोणी तरी उशाशीं बसून राहावें लागतें. समुद्राचेंही तसेंच आहे. १८७२ ते १८७६ या काळांत 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा करून ३६२ ठिकाणीं समुद्राची खोली, त्याच्या पोटांतील उष्णता व तळाचा गाळ यांची तपासणी केली. १८७५ च्या मार्च महिन्यांत पश्चिम पॅसिफिकांत या जहाजाच्या दोरीनें ४,४७५ वांवा, म्हणजे आठ हजार मीटरांहूनही अधिक खोली दाखविली. सागरशास्त्राचा पाया या सफरीनें घातला यांत शंका नाहीं. परंतु जहाज तें जहाजच. एका ठिकाणीं थांबावें, दोर सोडावा, आकडा टिपावा आणि पुढें जावें, हाच त्याचा धर्म. दुसऱ्या दिवशीं किंवा दुसऱ्या महिन्यांत तेथें काय झालें, हें सांगावयास मागें कोणीच उरत नसे.

मागें कोणी ठेवावयाचें तर त्याला भर समुद्रांत बांधून ठेवलें पाहिजे. किनाऱ्यावरचे कोळी आपलें डोल जाळें खुंटांना बांधतात. बंदरांतले वाट दाखविणारे बोये साखळीनें नांगरलेले असतात. पण तेथें पाणी थोडक्या वांवांचें. दोन-दोन हजार वांवा पाण्यांत बोया नांगरण्याची पाळी आली ती शास्त्रज्ञांवर नव्हे, तर तारायंत्राच्या कंपनीवर.

१८६५ सालीं 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजावरून आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तारायंत्राची केबल टाकण्याचें काम चाललें होतें. २ ऑगस्ट रोजीं, दोन-तृतीयांश वाट संपली असतां, केबल तुटली आणि तिचें टोक सुमारें दोन हजार वांवा खोल पाण्यांत गेलें. गळ टाकून ती वर ओढण्याचे प्रयत्न झाले. केबल गळाला लागेही, परंतु प्रत्येक वेळीं ओढणारा दोरच तुटे. भर अटलांटिकांत रस्त्यावरील मैलाच्या दगडासारखी खूण ती कसली? म्हणून त्या लोकांनीं जागा हरवूं नये यासाठीं लांबच लांब दोर लावून बोये नांगरले. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८६६ सालीं, नवी केबल यशस्वी रीतीनें टाकून झाल्यावर तेंच जहाज त्या जागीं परतलें, पुन्हां बोये नांगरून गळ टाकूं लागलें, आणि सप्टेंबरच्या आरंभीं हरवलेली केबल वर निघाली. तिच्यांतून संदेश पूर्वीप्रमाणेंच जात होता!

याच 'ग्रेट ईस्टर्न'नें १८७० सालीं मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली, आणि त्या वर्षींच्या जून महिन्यांत मुंबई व लंडन हीं शहरें समुद्राखालच्या तारेनें जोडलीं गेलीं. व्यापाराचे भाव आणि सरकारचे हुकूम नेणें हा त्या तारेचा हेतु. परंतु तिनें समुद्रशास्त्राला फुकटांत तीन धडे दिले. पाण्यांत वीज न्यावयाची तर तांब्याची तार पाणी न शिरूं देणाऱ्या वेष्टणांत गुंडाळली पाहिजे. त्या काळीं गटापर्चा नांवाच्या झाडाच्या चिकाचें वेष्टण असे. दुसरें, त्या नाजूक गाभ्यावर ताण पडूं नये म्हणून बाहेरून लोखंडी तारांचें कवच घातलें पाहिजे. आणि तिसरें, केबल समुद्रांत सोडतांना तिच्यावर किती ताण आहे हें क्षणोक्षणीं मोजलें पाहिजे. कारण केबल बहुधा आपल्या वजनानें तुटत नाहीं, ती अचानक बसलेल्या हिसक्यानें तुटते. केबल ताणणारा जो समुद्र, त्याच्याशीं हिसके न खातां कसें वागावें, याच प्रश्नाभोंवतीं पुढचा सगळा इतिहास फिरतो.

१८८५ पासून पुढें कांहीं वर्षें अमेरिकन आरमारांतील जॉन पिल्सबरी या अधिकाऱ्यानें 'ब्लेक' हें आपलें जहाजच गल्फ स्ट्रीमच्या वेगवान प्रवाहांत पोलादी तारदोरानें नांगरलें आणि स्वतः तयार केलेल्या यंत्रानें निरनिराळ्या खोलीवरील प्रवाहाचा वेग मोजला. तें काम आजही आदरानें आठवलें जातें. परंतु एका जागेची नाडी पाहण्यासाठीं सबंध जहाज, त्यावरील माणसें व कोळसा अडकवून ठेवणें ही चैन कोणत्या राष्ट्राला परवडणार? जहाज निघून जावें आणि पहारेकरी मात्र मागें राहावा, अशी युक्ति हवी होती.

ती युक्ति खऱ्या अर्थानें अजमावली गेली १९६० नंतर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वुड्स होल येथील सागरसंशोधन संस्थेंत विल्यम रिचर्डसन यांनीं तेथून बर्म्युडा बेटाच्या दिशेनें नांगरलेल्या बोयांची एक रांग उभी करण्याचें ठरविलें. प्रत्येक बोयाच्या दोराला प्रवाहमापक यंत्रें अडकविलेलीं असत. कल्पना उत्तम; परंतु समुद्रानें तिची फार कठोर परीक्षा घेतली. महिन्या-दोन महिन्यांनीं जहाज परत जाई तों बोया जागेवर नसे. दोर तुटलेला, यंत्रें तळाशीं आणि बोया वाऱ्यावर! हें एकदां-दोनदां नव्हे, वारंवार घडलें.

दोर कां तुटतात याचा शोध लागला तो मोठा मौजेचा आहे. सांपडलेल्या दोरांचीं टोकें बारकाईनें तपासलीं तेव्हां त्यांवर माशांच्या दातांच्या खुणा दिसल्या. कांहीं ठिकाणीं मोडलेले दातही रुतून बसले होते. समुद्राच्या वरच्या थरांत हिंडणाऱ्या माशांनीं कृत्रिम धाग्याचे ते दोर चावून कुरतडले होते. मग सगळा दोर पोलादी तारेचा कां करूं नये? तर त्यालाही अडचण होती. पांच किलोमीटर पोलादी तारेचें वजनच इतकें कीं तें पेलावयास फारच मोठा बोया लागावा. शिवाय पीळ दिलेल्या तारदोरावरील ताण लाटेबरोबर क्षणभर सैल पडला कीं तो पीळ उलगडूं पाहतो, दोराला गांठीसारखा मुरडा पडतो, आणि पुढच्या हिसक्याला तार तेथेंच मोडते.

या दोन्ही संकटांतून जो मार्ग निघाला तो आपल्या घरांतील शहाण्या गृहिणीच्या काटकसरीसारखा आहे: जेथें जें लागेल तेथें तेंच वापरावयाचें. माशांचे दात जेथपर्यंत पोहोंचतात त्या वरच्या भागांत, एकमेकांविरुद्ध पीळ देऊन समतोल केलेला व वरून प्लॅस्टिकचें वेष्टण चढविलेला पोलादी तारदोर. आणि त्याखालीं तळापर्यंत हलका व ताणला जाणारा नायलॉनचा दोर. पोलाद दातांना दाद देत नाहीं आणि नायलॉन रबरासारखा ताणून लाटेचा हिसका पोटांत घेतो. तळाशीं जड नांगर; आणि नांगराच्या वर एक असें कुलूप, कीं जहाजावरून ठराविक ध्वनीचा संकेत पाण्यांतून पाठविला म्हणजे तें उघडावें, नांगर तळाशीं राहावा आणि बाकीचा सरंजाम हातीं यावा. बोया समुद्रांत ठेवण्याची रीतही उलटी ठरली. आधीं बोया पाण्यांत सोडावयाचा, मग सगळा दोर हळूहळू सोडावयाचा आणि नांगर अगदीं शेवटीं टाकावयाचा. तो तळाशीं जाईपर्यंत जहाजावरची माणसें त्या दूर तरंगणाऱ्या बोयाकडे डोळे लावून बसतात. नांगर तळाला लागला कीं बोया जागच्या जागीं स्थिर होतो.

आतां या वस्तूचा आपल्या दुष्काळाशीं संबंध कसा आला तें सांगतों. सर गिल्बर्ट वॉकर हे गणिती १९०४ पासून १९२४ पर्यंत हिंदुस्थानच्या वेधशाळा खात्याचे प्रमुख होते. १८७७ व १८९९ सालच्या अनावृष्टीनें देशांत जो हाहाकार झाला होता, तो लोकांच्या आठवणींत ताजा होता. पाऊस कसा होईल याचा अंदाज आधीं बांधतां यावा म्हणून वॉकर यांनीं जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जमवून ताडून पाहिले. त्यांना असें आढळलें कीं, पॅसिफिक महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला कीं हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि उलटही होतें. जणूं मोठा तराजूच वरखालीं होत आहे. त्यांचें खातें पुढें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात. तराजू दिसला, पण तो कोणाच्या हातांत आहे हें वॉकर यांना उमगलें नव्हतें. १९६९ सालीं याकोब ब्यर्कनेस यांनीं दाखविलें कीं, हा तराजू आणि पेरू देशाच्या किनाऱ्यापासून पसरणारें पॅसिफिकचें तापलेलें पाणी, ज्याला तिकडील कोळी एल निन्यो म्हणत, हीं एकाच गोष्टीचीं दोन अंगें आहेत. १९७२ सालीं पॅसिफिक असाच तापला होता, आणि त्या वर्षीं भारताचा मोसमी पाऊस सरासरीहून सुमारें २४ टक्क्यांनीं कमी झाला. माझ्या गुरुजींच्या वरुणाचा पत्ता हा असा लागला.

परंतु पत्ता कळला तरी बातमी वेळेवर कळावयास हवी. १९८२ सालीं त्या शतकांतील एक अत्यंत प्रखर एल निन्यो उद्भवला आणि तो भरास येईपर्यंत शास्त्रज्ञांना त्याची नीटशी दादही लागली नाहीं. त्या वसंतांत मेक्सिकोमधील एल चिचोन ज्वालामुखीचा स्फोट झाला होता. त्याची धूळ आकाशांत पसरल्यानें उपग्रहांना समुद्र आहे त्याहून थंड दिसत होता. आकाशांतून पाहणारा डोळा फसला. पाण्यांत हात घालून पाहणारें तेथें कोणी नव्हतें.

या नामुष्कींतून पॅसिफिकमधील बोयांची रांग जन्मास आली. अमेरिकेंतील सिॲटल येथील प्रयोगशाळेंत 'ॲटलास' नांवाचा स्वस्त व सुटसुटीत बोया तयार झाला होता. त्याचें तरंड सुमारें २.३ मीटर व्यासाचें, मेदुवड्यासारखें मध्यें पोकळ; नांगर म्हणाल तर भंगारांत निघालेलीं आगगाडीचीं चाकें! याची खुबी दोराच्या लांबींत होती. पाणी ४,००० मीटर खोल असेल तर दोर सुमारें ३,९४० मीटरच कापावयाचा. नायलॉन ताणून उरलेलें अंतर भरून काढतो, दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ राहतो आणि बोया फार भटकत नाहीं. हें महत्त्वाचें कां? तर ५०० मीटर खोलीपर्यंत ठराविक अंतरांवर जे दहा उष्णतामापक अडकविलेले असतात, ते आपापल्या खोलीवरच राहिले पाहिजेत. दोर सैल पडून मापक वर सरकला तर तो खोटी साक्ष देईल.

त्या मापकांच्या केबलचीही एक कथा आहे. आरंभीं केबलच्या पोटांत अनेक वाहक तारा असत आणि प्रत्येक मापकासाठीं तिच्या वेष्टणाला एक तोंड पाडावें लागे. ५०० मीटरांवर पाण्याचा दाब आपल्या भोंवतालच्या हवेच्या दाबाच्या पन्नास पटींच्या आसपास असतो. इतक्या दाबाखालीं प्रत्येक तोंड म्हणजे पाण्याला दिलेलें आमंत्रण. एका सांध्यांतून खारें पाणी शिरलें कीं सगळी केबल मुकी. १९९६ पासून पुढें जी नवी रचना आली तिनें हा प्रश्न मुळांतच सोडविला. जो पोलादी तारदोर बोयाला धरून ठेवतो, तोच निरोप्या झाला. मापक त्या दोराला बाहेरून नुसता चिमट्यासारखा बसवावयाचा. त्यांतील वेटोळ्यामुळें दोरांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो दोरानें वर जातो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यांतून परत येऊन आपलें वर्तुळ पुरें करतो. वेष्टणाला एकही भोंक नाहीं. ज्या खाऱ्या पाण्यानें आजवर केबली मारल्या, तेंच आतां तारेचें काम करूं लागलें.

१९८५ ते १९९४ या दहा वर्षांत विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस असे सुमारें सत्तर बोये उभे राहिले. वारा, हवेची उष्णता, आर्द्रता आणि पाण्याच्या पोटांतील उष्णता यांची बातमी ते उपग्रहामार्फत रोज किनाऱ्यावर पाठवूं लागले. ही रांग उभारण्यांत पुढाकार घेणारे स्टॅन्ली हेज १९९२ सालींच वारले. ती पुरी झालेली पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९९७ सालीं पुन्हां मोठा एल निन्यो आला, तेव्हां मात्र समुद्राच्या पोटांतून पूर्वेकडे सरकणारें तापलेलें पाणी दिवसागणिक दिसत होतें.

आणि तरीही, त्या वर्षीं भारतांत पाऊस सरासरीइतका झाला! शास्त्राला गर्व चढूं नये म्हणूनच कीं काय, निसर्ग असे प्रसंग आणतो. आपल्या पावसाचा धागा केवळ पॅसिफिकांत नाहीं, आपल्या स्वतःच्या हिंदी महासागरांतही त्याची एक गांठ आहे, हें १९९९ सालच्या संशोधनानें पुढें आलें. या महासागराच्या पूर्व व पश्चिम भागांतील पाणी आळीपाळीनें तापतें व निवतें. म्हणून हिंदी महासागरांतही बोयांची मालिका उभारण्याचें काम २००४ सालीं सुरू झालें. ४६ ठिकाणांची योजना. भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया इत्यादि देशांचा तींत वांटा. आणि इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून मालिकेला नांव पडलें 'रामा'. याशिवाय १९९३ सालीं स्थापन झालेली चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था अरबी समुद्रांत व बंगालच्या उपसागरांत आपले बोये ठेवूं लागली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळीं हिंदी महासागरांत समुद्रतळाचा दाब मोजून इशारा देणारा एकही बोया नव्हता; त्या अनर्थानंतर तेही आले, आणि ऑक्टोबर २००७ मध्यें हैदराबाद येथें इशारा देणारें केंद्र सुरू झालें.

असो. यंत्र एकदां बसविलें कीं काम संपलें, असा आपला एक समज असतो. समुद्रांत तो टिकत नाहीं. बोयाच्या सावलींत मासे जमतात, माशांमागें मच्छीमार येतात, कोणी आपली नाव त्याला बांधतो, कोणी मापक तोडून नेतो. शंख-शिंपले चढतात, बॅटऱ्या संपतात. ठरल्या वेळीं जहाज जाऊन बोया बदललाच पाहिजे. २०१२ सालीं पॅसिफिकच्या बोयांची देखभाल करणारें अमेरिकन जहाज पैशाच्या अडचणीनें कामांतून काढलें गेलें. २०१४ च्या आरंभास तेथील अमेरिकन बोयांकडून अपेक्षित माहितीपैकीं जेमतेम ४० टक्के येत होती. बोंब झाल्यावर पैसा मिळाला व रांग पुन्हां बरीच सावरली. परंतु वेळ कोणती होती पाहा: २०१५ सालीं पुन्हां प्रखर एल निन्यो आला, सलग दुसऱ्या वर्षीं पाऊस कमी झाला, आणि एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. बोये शाबूत असते तर पाऊस आला असता, असें मी म्हणत नाहीं. बोया पाऊस पाडीत नाहीं. तो फक्त आधीं सांगतो. परंतु पेरणी केव्हां करावी, धरणांतलें पाणी कितपत राखून ठेवावें, चारा कोठें साठवावा, हें ज्यांना ठरवावयाचें असतें, त्यांना आधीं कळणें म्हणजे अर्धें संकट निवारण होणें होय.

आज आकाशांत उपग्रह आहेत, समुद्रांत आपोआप बुडून वर येणारीं हजारों वाहतीं तरंडें आहेत. तरी एकाच जागीं बसून वर्षानुवर्षें साक्ष देणारा पहारेकरी दुसरा नाहीं. माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यानें आतां मला विचारलें, "गुरुजी, यंदां पाऊस कां आला नाहीं?" तर मी गप्प बसणार नाहीं. मी त्याला फळ्यावर समुद्र काढून दाखवीन, समुद्रांत एक ठिपका काढीन, त्या ठिपक्याखालीं एक लांब रेघ ओढीन, आणि सांगेन कीं उत्तर या रेघेनें वर येतें. फक्त ती रेघ तुटूं देऊं नका.